नागपूरला दोन दिवस : गाडी काढावी की बस धरावी?

आदिलाबादच्या सुजाण कुटुंबांनी शनिवार-रविवार साधून शहरात कसं जाऊन यावं, याची शास्त्रोक्त पद्धत येथे देत आहोत. ती वाचायला जेवढा वेळ लागेल तेवढ्यात पहिली बस निघून जाईल, पण घाईने घेतलेला निर्णय आपल्याकडे कुणी मानत नाही.

आधी शहर ठरवून टाका. शहर म्हणजे नागपूर. राजधानी हैदराबाद आहे, हे मान्य. पण तिथे कागदपत्रं घेऊन जायचं असतं. लग्नाचा बस्ता, डोळ्यांचा डॉक्टर आणि मुलीच्या सासरची माणसं नागपुरात असतात. शिवाय हैदराबाद तीनशे किलोमीटर, नागपूर दोनशेच्या आसपास, आणि दोन्ही एकाच चव्वेचाळीस नंबरच्या हायवेवर. त्यामुळे तोंड कुठे करायचं एवढाच प्रश्न उरतो, आणि आपलं तोंड पैनगंगेकडे, म्हणजे नागपूरकडे, आपोआप वळतं.

रेल्वेचा पर्याय अभ्यासूंनी वाचावा, प्रवाशांनी सोडून द्यावा. आपल्या स्टेशनातून हैदराबादला जायचं तर गाडी आधी महाराष्ट्रात नेते. किनवट, हिमायतनगर, भोकर, मुदखेड असं नांदेड जिल्ह्याचं दर्शन घडवून, धर्माबादवरून बासरला पुन्हा तेलंगणात आणते. रस्त्याने तीनशे असलेलं अंतर रुळांवर चारशेच्या पुढे जातं. निर्मलवरून आर्मूरला सरळ रूळ टाका, ही मागणी इतकी जुनी आहे की ती करणारे तरुण ज्येष्ठ नागरिकांच्या सवलतीला पात्र झाले; ती सवलत रेल्वेने २०२० मध्ये बंद केली. मुंबईहून निघणारी नंदीग्राम एक्स्प्रेस पूर्वी आपल्यावरून थेट नागपूरला जायची. आता तिने बल्लारशाहशी सोयरीक जुळवली आहे. तिच्याबद्दल अधिक बोलत नाही.

आता बस. इथे वही-पेन घ्या.

९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणातल्या बायकांना राज्याच्या आरटीसीच्या पल्लेवेलुगू (म्हणजे साध्या, गावोगावच्या) आणि एक्स्प्रेस बसमध्ये तिकीट नाही. म्हणजे तिकीट आहे, पण त्यावर रक्कम शून्य. कंडक्टर 'अम्मा, आधार!' म्हणतो, पर्समधून दहा वर्षांपूर्वीच्या चेहऱ्याचं आधार कार्ड निघतं, कंडक्टर फोटोकडे बघतो, समोरच्या बाईकडे बघतो, सभ्यपणाने काही बोलत नाही आणि मशीनमधून झीरो तिकीट फाडून देतो. ते बायका दोन घड्या घालून जपून ठेवतात. पैसे दिलेलं तिकीट मात्र आजवर खिडकीतून बाहेर जात आलेलं आहे.

पण हे औदार्य तेलंगणाच्या हद्दीपर्यंत. नागपूरच्या बाजूने ती हद्द वीसेक किलोमीटरवर, पैनगंगेच्या पुलावर संपते. पुलापलीकडे महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. तेही महाराष्ट्राच्या हद्दीपुरतं. आता गणित मांडा. आरटीसीने गेलात तर पुलापर्यंत फुकट आणि पुढे पावणेदोनशे किलोमीटर पूर्ण भाडं. एसटीने गेलात तर पुलापर्यंत पूर्ण, पुढे अर्धं. पोरगा दहावीत असेल तर त्याला सोडवायला द्या. उत्तर एसटी येतं. हैदराबादकडे मात्र डोळे झाकून आरटीसी एक्स्प्रेस. सुपर लक्झरीत बसलात तर झीरो तिकीट चालत नाही, आणि खुर्ची मागे झुकते एवढ्यासाठी पैसे मोजल्याचं माहेरी सांगायची सोय राहत नाही.

काही प्रगत अभ्यासक तिसरा मार्ग सुचवतात. पुलापर्यंत आरटीसीने फुकट जावं, तिथे उतरावं आणि पलीकडून एसटी धरावी. कागदावर हा मार्ग निर्दोष आहे. माणशी वीस किलोमीटरचं भाडं वाचतं. मात्र पुढची एसटी थांबेल की नुसता हात दाखवून जाईल याची खात्री नसल्याने मधल्या तासाभरात चौघांचा चहा, पोरांची बिस्किटं आणि एक पाण्याची बाटली होते. वाचलेले पैसे यात जिरून वर पदरचे जातात. तरीही हा मार्ग एकदा तरी करावा, कारण दोन राज्यांना एकाच दिवशी गंडवल्याचं समाधान दुसरीकडे मिळत नाही.

या सगळ्या हिशेबात घरातला कर्ता पुरुष दोन्ही काठांवर फुल तिकीट असतो. म्हणूनच तो गाडीचा आग्रह धरतो. 'आपली गाडी असल्यावर बस कशाला?' या वाक्याचा हा खरा अर्थ आहे.

गाडीचे नियम थोडक्यात. टाकी भरून निघू नये. पेट्रोल पुलापलीकडे स्वस्त पडतं. टोलनाके चार : पिप्पलवाडा, केळापूर, दारोडा, बोरखेडी. जाऊन-येऊन आठ. ऑगस्ट २०२५ मध्ये तीन हजारांचा वार्षिक फास्टॅग पास निघाला. दोनशे फेऱ्या, आणि प्रत्येक नाका म्हणजे एक फेरी. म्हणजे नागपूरची एक वारी आठ फेऱ्या खाते आणि पास पुरता वसूल करायचा तर वर्षात पंचवीस वेळा नागपूरला जावं लागतं. पास घेतलेली माणसं ओळखू येतात. कुणी नुसतं 'नागपूरला पाऊस आहे म्हणे' असं म्हटलं तरी ती किल्ली शोधायला उठतात.

गाडी काढायची तर गुपचूप. आदल्या रात्री गाडी धुतलीत की गल्लीला कळलंच. मग शेजारच्या मावशी येतात.

"नागपूरले चालले म्हणे तुम्ही?"

"हो, पण जागा नाही हो मावशी. पाचजण भरले."

"माणूस कोन पाठवते! पोरीसाठी थोडी तूर होती. अन् ज्वारी. अन् मिरच्या, पन त्या हलक्या असतात."

थोडी तूर म्हणजे पोतं. ते डिकीत, ज्वारी पायाशी, मिरच्या मांडीवर. आणि मिरच्यांसोबत त्या पोचवायला मावशींचा भाचा, कारण पोरीचं घर फक्त त्याला माहीत आहे. पांढरकवडा येईतो गाडीतले सगळे शिंकत असतात. एसटीत निदान पार्सलाचे पैसे लागतात, त्यामुळे मावशींचं पोतं एसटीने सहसा जात नाही.

नागपुरात शिरताना वर्धा रोडवर तीन मजली प्रकार आहे : वर मेट्रो, मध्ये उड्डाणपूल, खाली जुना रस्ता. ३.१४ किलोमीटरच्या या पुलाची २०२२ मध्ये गिनीज बुकात नोंद झाली. तो जवळ आला की मागच्या सीटवरचे तिघे तीन वेगवेगळ्या मजल्यांचा सल्ला देतात. त्यात आपल्या पाटीवर टीजी ०१. जिल्ह्याचे २०१६ मध्ये चार तुकडे झाले, पण एक नंबर आपल्याकडेच राहिला; हा अभिमान सीताबर्डीत पार्किंग शोधताना काही कामाचा नाही. तेव्हा शहाण्याने खापरीलाच गाडी एका बाजूला लावावी, पोत्यासह कुलूप घालावं आणि नारिंगी मेट्रोने सीताबर्डीला उतरावं. गाडीही काढली आणि सार्वजनिक वाहतूकही वापरली, असा दुहेरी खर्च यात होतो, पण घरातले दोन्ही पक्ष जिंकतात.

परतीचा नियम वेगळा. रविवारी संध्याकाळी साड्यांचे बॉक्स, संत्रा बर्फी, आणि पोरीने रिकामं पोतं कसं पाठवायचं म्हणून त्यात भरून दिलेलं सामान, यांनी गाडी भरून जाते. अशा वेळी माणसं उतरवावीत, सामान उतरवू नये. बायकांनी गणेशपेठच्या स्टँडवर जावं. एसटी फलाटाला लागायच्या आत भाच्याने चालत्या बसच्या खिडकीतून रुमाल टाकावा. रुमाल नसल्यास ओढणी, ओढणी नसल्यास चप्पल. टाकलेल्या वस्तूवर आजवर कुणी बसलेलं नाही. हा कायदा दोन्ही राज्यांत लागू आहे आणि त्याला हद्द नाही.

फुल तिकिटाने गाडीत एकट्याने सामान घेऊन यावं. चार नाके, शिंका नाहीत, मागून सल्ला नाही. तो दोन तास आधी पोचतो. फक्त घराची किल्ली कुणाच्या पर्समध्ये आहे, हे त्याने गणेशपेठलाच विचारून घ्यावं. कारण ती झीरो तिकिटांच्या घड्यांत असते, आणि ती बस अजून हिंगणघाटला चहाला थांबलेली असते.