टेपकाकांचे टप्पे

एकदा जाऊन आलेला माणूस तुम्हाला माहीतच आहे. चारधामला एकदा जाऊन आलेला, दुबईला एकदा जाऊन आलेला, जावयाच्या कृपेने सिंगापूरला एकदा जाऊन आलेला. त्या एका फेरीवर तो उरलेलं आयुष्य काढतो. तुम्ही त्या दिशेला निघालात याचा नुसता वास लागला, की संध्याकाळी तो तुमच्या फाटकाशी उभा. वर्ध्याजवळ नालवाडीत, नागपूर रोडच्या अंगाला आमचं जे लेआउट आहे, तिथला असा माणूस इमॅजिकाला जाऊन आलेला आहे. लेआउटमधले पोट्टे त्यांना टेपकाका म्हणतात. त्यांना हे ठाऊक आहे, आणि माझा संशय असा, की ते नाव त्यांनीच पसरवलं असावं.

खोपोलीजवळचा तो पार्क २०१३ साली सुरू झाला आणि पुढच्याच उन्हाळ्यात काका मुलगा, सून आणि सात वर्षांच्या नातवाला घेऊन तिथे हजर. तेव्हापासून वर्ध्याच्या बाजूचं कोणतंही कुटुंब काकांच्या हातून सुटल्याशिवाय खोपोलीला पोचलेलं नाही.

"कुठं जाऊन राहिले म्हणे?"

"इमॅजिकाला, काका. चिमीला सुट्ट्या लागल्या की."

"पोरीची उंची किती?"

"साडेपाच वर्षांची आहे."

"वय नाही इचारलं. उंची इचारली."

आणि मग खिशातून ती टेप. सुताराकडे असते तशी, पिवळी, बटण दाबलं की सर्रकन आत जाणारी. चिमीला चपला काढायला लावून भिंतीला उभं केलं, डोक्यावर वहीचा पुठ्ठा आडवा धरला, कानामागची पेन्सिल काढली आणि आमच्या नव्या ऑइलपेंटवर एक रेघ ओढली. "केस दाबून मापा लागते," हे त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं, कारण तिने चिमीची शेंडी जरा उंच बांधली होती आणि ते त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

ही नजर साधी नाही. काका तीसेक वर्षं एसटीत कंडक्टर होते, पंच टिकटिकवत गर्दीतून सरकणाऱ्या पिढीतले. पाच ते बारा वर्षांच्या लेकराला अर्धं तिकीट, पाचाच्या आत फुकट. आता पाचवं वर्ष लागलं की नाही हे कपाळावर तर लिहिलेलं नसतं. पोरगं आईच्या मांडीवर, पाय दुमडून, पदराखाली अर्धं झाकलेलं, आणि आई म्हणणार, "चार पुरे व्हायचे आहेत भाऊ." काका आईशी वाद घालत नसत. ते पोराकडे वाकून मायेने विचारत, "कोणत्या वर्गात हाय बाबू?" पदराखालून खणखणीत उत्तर येई, "दुसरीत!" शिवाय दोनाचा पाढा म्हणून दाखवायची तयारी. काकांच्या म्हणण्यानुसार आर्वीपासून हिंगणघाटपर्यंत एकही लेकरू या प्रश्नाला कधी खोटं बोललेलं नाही. मोठ्यांबद्दल ते असं काही म्हणत नाहीत.

तर जन्मभर ज्यांनी लहान केलेली लेकरं मोठी करून तिकिटाला लावली, ते काका पार्कच्या दाराशी पोचले तेव्हा जग उलटं झालेलं. बसमध्ये लेकरू जितकं लहान तितकं बरं. पार्कात मोठ्या झुल्यावर बसायचं तर ते उंच हवं. तिथेही एक रेघ, एक पट्टी, आणि पट्टीशेजारी उभा एक पोरगेलासा कर्मचारी. नातू दोन बोटं कमी भरला. टाचा उंचावून झाल्या, केस फुगवून झाले, सुनेने जाड तळाचे बूट बदलून पाहिले.

"तीस वर्षं मी लोकाच्या लेकरायची उंची वाढवत होतो," काका सांगतात, "अन् त्या दिवशी माह्याच नातवाची कोणी वाढवेना."

घरी आल्यावर त्यांनी फाटकाच्या खांबावर रेघा मारल्या. त्यांना ते टप्पे म्हणतात. एसटीचं भाडं टप्प्यावर असतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा, आणि काकांच्या डोक्यात जगातली प्रत्येक गोष्ट याच हिशेबाने चालते. खालची रेघ टप्पा एक: पाळणे आणि घोडे. टप्पा दोन: आईबापासोबत बसता येईल असे झुले. टप्पा तीन: पाण्यातले आणि अंधारातले. सगळ्यात वरची रेघ, लाल, नायट्रो नावाच्या रोलर कोस्टरची. लेआउटमधलं प्रत्येक पोट्टं त्या खांबाला पाठ लावून उभं राहिलेलं आहे. कुणी रडलं, कुणी पळालं, पण मापलं गेलंच.

बारशाला गेले तर पाळण्यातल्या बाळाला टेप लावून म्हणाले, "लई टप्पे बाकी आहे अजून." हळदीकुंकवाला काकूंना सोडायला आले आणि दारातल्या चपलांच्या ढिगाशी उभे राहून बायकांसोबत आलेली लेकरं ओळीने मापून घेतली. बदलून आलेल्या एका साहेबांना वाटलं, अंगणवाडीचं कुपोषणाचं सर्वेक्षण असेल. त्यांनी अदबीने मुलाचं वजनही करून घ्या म्हणून सुचवलं. काका म्हणाले, "वजनाचं तिथं काही नाही. लगेज नाही ते."

आमच्या जाण्याचा मार्ग ठरवायला ते रोज येऊ लागले. विदर्भ एक्स्प्रेस की सेवाग्राम एक्स्प्रेस, मग कल्याणला उतरून कर्जत, कर्जतहून खोपोलीची लोकल. मी भीत भीत समृद्धी महामार्गाचं नाव काढलं, येळाकेळीला चढायचं आणि सरळ निघायचं. काकांनी डोळे मिटून हिशेब केला. "नागपूरपासून सातशे एक किलोमीटर. भागिले सहा. एकशे सतरा टप्पे. अन् तुम्ही एकटे चालवान? डबल ड्युटी देल्ली नसती मी तुम्हाले." रेल्वेचं तिकीट काढलं.

खाण्याचा प्रश्नही त्यांनीच सोडवला. अशा पार्कात बाहेरचा डबा आत नेऊ देत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी वर्ध्याची बाई सांबारवड्या, तिखट पुऱ्या आणि गोरसपाकाचे पुडे घेतल्याशिवाय घर सोडत नाही. डबा लपवून न्यायच्या काही युक्त्या माझ्या बायकोकडे तयार होत्या. काकांनी तिच्याकडे असं पाहिलं, की एखाद्या विनातिकीट प्रवाशानेही मान खाली घातली असती. "फाटकाबाहेर बसा अन् सगळं संपवा. भरल्या पोटी अंदर जा." आम्ही तसंच केलं. पार्किंगच्या कठड्यावर बसून सकाळी सकाळी सांबारवड्या खाणारं आमचंच एक कुटुंब नव्हतं, एवढं सांगतो. शेजारी अकोल्याचे लोक होते.

एक मात्र कबूल केलं पाहिजे: माहितीत माणूस कच्चा नाही. पार्कात राजासॉरस नावाच्या डायनासोरची पाण्यातली सफर आहे. हा प्राणी आपल्याच देशातला. त्याची हाडं गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात सापडली आणि २००३ साली त्याचं नाव ठेवलं गेलं. काकांनी चिमीला हे सांगितलं आणि वर म्हणाले, "एवढ्या दूर काऊन जाता? आपल्या वरोऱ्याकडं पिसदुऱ्याले डायनासोरचं शेण सापडते." मला ही थाप वाटली. थाप नव्हती. पिसदुऱ्याच्या रानात डायनासोरची विष्ठा दगड होऊन पडलेली आहे. त्या दगडांत शास्त्रज्ञांना गवताचे अवशेष मिळाले आणि डायनासोरांच्या काळात गवत होतं हे २००५ साली त्यावरून जगाला कळलं. वरोऱ्याच्या गाडीवर ड्युटी असताना काकांना ही बातमी कुण्या प्रवासी मास्तरांकडून मिळाली होती. परिणाम असा झाला, की खोपोलीला रांगेत उभं असताना चिमीने मागच्यापुढच्या सगळ्यांना, मुंबईच्या, सुरतेच्या, एका बंगळुरूच्या जोडप्यालाही, हिंदीत सांगितलं की आमच्याकडे याचं शेण आहे. तिच्या आवाजात मालकीचा अभिमान होता.

नालवाडीबद्दलही एक सांगून टाकतो. १९३८ साली पवनारला मुक्काम हलवण्याआधी काही वर्षं विनोबा इथे राहिले. सूत कातून जी मजुरी मिळेल तेवढ्यातच पोट भरायचं, हा प्रयोग त्यांनी इथे करून पाहिला. त्याच नालवाडीत आम्ही एका दिवसाच्या मौजेसाठी महिनोन्‌महिने पैसे बाजूला टाकतो, तिकिटं स्वस्त कधी होतात यावर डोळा ठेवतो आणि आल्यावर फोटो दाखवून शेजाऱ्याला पुढच्या वर्षीच्या खड्ड्यात ढकलतो. हा विचार मला बरेच दिवस बोचत होता. काकांजवळ बोललो. ते म्हणाले, "विनोबा पायी फिरले. त्याह्यले तिकिटाचा प्रश्नच नाही."

मग एकदा मी सहज विचारलं, "काका, नायट्रो कशी वाटली तुम्हाला?"

नायट्रोत पायाखाली फरशी नसते, पाय अधांतरी लोंबकळतात, हे मला त्यांनीच सांगितलं होतं. वळण कुठे, उलटं कुठे होतं, खांद्यावरचा दांडा कसा लागतो, ठेंगण्या लेकराला तो दांडा नीट का धरत नाही, म्हणून उंची का मापतात, सगळं तोंडपाठ. काका टेप आतबाहेर करत राहिले.

"बसलो नाही."

"बाकी कशात?"

"कशातच नाही. बीपी हाय ना मले. अन् फुटबोर्ड नसलेल्या गाडीत मी कोणाले चढू देल्लं नसतं, मी कसा चढीन?"

म्हणजे इतकी वर्षं आम्ही ज्यांच्या अनुभवावर चाललो, ते काका दिवसभर बाकड्यावर बसून होते. मुलगा आणि सून तिकिटाचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून एकामागून एक झुल्यावर चढत होते; टप्प्यात न बसलेला नातू आणि टप्प्याबाहेर गेलेला आजा उतरण्याच्या दाराशी. नातू आधी रडला. मग काकांनी त्याला बाकड्याच्या टोकाला बसवलं, हातात पाण्याच्या बाटलीचं झाकण दिलं आणि ते स्टिअरिंग झालं. वर्धा ते पुलगाव गाडी निघाली. काकांनी घरच्या जुन्या पावत्या फाडून तिकिटं दिली, जिभेने टिकटिक केली, सेलूची बाई उतरवली, देवळीच्या फाट्यावर एका पाव्हण्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडण केलं. गाडी मधेच पंक्चर झाली. नातवाने खाली उतरून चाक बदललं. सेलू आणि देवळी एका मार्गावर कशी आली, हे मी विचारलं नाही. नातू चालवत असेल तर रूट तो ठरवणार.

हा नातू आता पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. खांबावरची लाल रेघ त्याच्या छातीशी येते. मित्रांबरोबर मुंबईला जाता-येता पार्कच्या रस्त्यावरून गेला असेल, पण आत गेला नाही. काका फोनवर मागे लागतात, "आता भरतोस ना बे, जाऊन ये एकदा, पैसे मी पाठवतो." तो म्हणतो, पाहू आजोबा. दिवाळीत आला होता तेव्हा मी त्याला विचारलं, लहानपणीच्या त्या सहलीतलं काय आठवतं? तो हसला आणि म्हणाला, "पुलगावची गाडी."

काका शेजारीच होते. त्यांना हे अजिबात आवडलं नाही. "पाहा! एवढे पैसे घालून नेलं याले, अन् आठवते काय? बाकडं! ते तर बसस्टँडवर फुकट भेटलं असतं." हे ते पुढचे आठ दिवस लेआउटभर सांगत फिरले. मी मोजलं नाही, पण ज्या उत्साहाने सांगत होते तो तक्रारीचा नव्हता.

त्यांनी त्या पार्कच्या पोऱ्याबद्दलही मला सांगितलं, पट्टीशेजारी उभा होता त्याच्याबद्दल. सगळ्यांनी विनवण्या केल्या, सुनेने आवाज चढवला, काकांनी आपण रिटायर्ड कंडक्टर असल्याची ओळख दिली. तो हलला नाही. दोन बोटं म्हणजे दोन बोटं. "बरोबर केलं त्यानं," काका म्हणाले. "मीही ऐकलं नसतं. त्याचं नाव इचारून घ्या लागत होतं, राहून गेलं."

आम्ही खोपोलीहून परतलो त्या संध्याकाळी ते फाटकाशी उभेच होते. मजा आली का, पोरगी घाबरली का, पाऊस लागला का, यातलं काही नाही. "गेटवर किती भरली?" मी सांगितलं. त्यांनी खिशातली डायरी काढून पडताळलं. सूतभराचा फरक नव्हता. डायरी मिटली, टेप मिटली, आणि समोरच्या घरातल्या दुबईला निघालेल्या मंडळींकडे ते वळले. तिथलं लेकरू अजून रांगतं.

गेल्या महिन्यात मी त्यांच्यासोबत एसटीने सेलूला गेलो. पंच्याहत्तरच्या पुढच्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे आणि काकांनी शहात्तरी गाठली आहे. कंडक्टर पोरगा चुणचुणीत होता. त्याने काकांच्या पांढऱ्या डोक्याकडे एकदा पाहिलं आणि मशीनमधून शून्य रुपयाचं तिकीट काढून हातावर ठेवलं.

"वय कसं समजलं तुले?"

"दिसते ना काका."

"दिसते? दिसण्यावर तिकीट असते काय? आधार पाहिलं?"

"राहू द्या काका, मागं गर्दी आहे."

"पाह्यल्याशिवाय बेल मारायची नाही."

आणि काका थैली उपसू लागले. टेप निघाली, डायरी निघाली, पेन्सिल, बीपीच्या गोळ्या, गोरसपाकाचा अर्धा पुडा. ड्रायव्हर आरशातून पाहत होता, दारात दोन बायका अर्ध्या चढून लटकलेल्या, मी खिडकीबाहेर पाहत माझा आणि या गृहस्थांचा काही संबंध नाही असा चेहरा केलेला. शेवटी तळाशी कार्ड सापडलं. पोराने ते घेतलं, उजेडात धरलं, जन्मतारीख वाचली, बोटांवर हिशेब केला.

"शहात्तर."

"हां," काका म्हणाले. "आता मार डबल."