सहा नंबरचा चेंडू

लातूर-नांदेडकडच्या महिला महाविद्यालयात बास्केटबॉल शिकवणाऱ्या मॅडम कागदोपत्री शारीरिक शिक्षण संचालक असतात. त्यामुळे २१ जूनचा योग दिन त्यांचा, १५ ऑगस्टचं संचलन त्यांचं आणि १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंड्याची दोरीही त्यांनीच तपासायची. नॅकची समिती येणार म्हटलं की अख्खा संघ रांगोळीला जुंपला जातो.

उरलेल्या वेळात बास्केटबॉल.

महिलांचा चेंडू ६ नंबरचा, पुरुषांचा ७ नंबरचा. खरेदी समितीला मात्र त्याच दरात मोठा चेंडू सोडून लहान घेणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी वाटते. खेळाच्या नियमात २४ सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकावा लागतो. मॅडमच्या प्रवासभत्त्याच्या बिलाला असलं घड्याळ अजून कुणी लावलेलं नाही.

१८९३ साली अमेरिकेतल्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सनबाईंनी मुलींचा सामना भरवला, तेव्हा पुरुष प्रेक्षकांना मज्जाव होता. इकडे ती तसदी पडत नाही. प्रेक्षक म्हणजे फार तर अकरावीतल्या लेकीला ‘नीट’च्या क्लासला न्यायला आलेले, स्कूटी चालूच ठेवून उभे असलेले वडील. सराव ऐन रंगात आला की ते हॉर्न देतात.

विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला संघ एसटीनं निघतो. डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी. मांडीवर ओळखपत्रांची फाईल. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, हे पालकांना तोंडपाठ. सामना हरून पोरी बूट सोडतात न सोडतात तोच मॅडमचा फोन वाजतो, “म्याडम, सर्टिफिकेट कवा भेटंल?”