शोभेची घागर

लातुरात शिकवण्यांच्या खालोखाल तेजी कशात असेल, तर ती भंगारात. पूर्वी भंगार किलोवर घराबाहेर जायचं, आता तेच 'अँटिक' होऊन नगावर घरात येतं. औसा रोडच्या कुठल्याही नव्या बंगल्यात डोकावा. फाटकातच बैलगाडीचं चाक भिंतीला टेकलेलं दिसेल. धाव काळीकुळकुळीत रंगवलेली, आऱ्यांना पॉलिश, तुंब्याभोवती दिव्यांची माळ. मालकाचा बैलाशी शेवटचा संबंध पोळ्याच्या शुभेच्छा पुढे ढकलण्यापुरता.

हॉलमध्ये जातं, त्यावर काच, काचेवर चहाचे कप. म्हणजे जात्याचा टीपॉय. शेजारी तांब्याचं घंगाळ, त्यात गुलाबाच्या पाकळ्या आणि तरंगत्या मेणबत्त्या. अशा घरी वास्तुशांतीला खेड्यावरची एक आत्या आली. घंगाळाला प्रदक्षिणा घालून तिनं विचारलं, "आता गं बया! ह्याच्यात फुलं ठुली, मंग आंघुळ कशात करता?" वहिनींनी शॉवर दाखवला. आत्याला शॉवर पटला. जातं मात्र पटलं नाही. त्याचा खुंटा कुठंय, म्हणाली. खुंटा काच बसवताना आड येत होता, म्हणून कापला होता.

प्रत्येक वस्तूची एक कथा असते आणि ती पाहुण्याला ऐकावीच लागते. "हे आमच्या पणजोबांचं." पणजोबांचं खरं घंगाळ कधीच मोडीत गेलं, बदल्यात स्टीलचे डबे आले होते. समोरचं घंगाळ कुणा दुसऱ्याच्या पणजोबांचं आहे. पणजोबाही आता सेकंडहँड मिळतात, एवढाच याचा अर्थ. तीच गत रेल्वेच्या कंदिलांची. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोचली. तेव्हापासून तिच्यावर जेवढे गार्ड झाले नसतील, तेवढे 'ओरिजिनल बार्शी लाइट' कंदील आज शहरात लटकताहेत.

नक्षीच्या चौकटींबद्दल मात्र चेष्टा करताना जीभ अडखळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागातल्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती आणि वर थरावर थर चढलेलं मातीचं माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. जवळपास दहा हजार माणसं गेली. पुढं कितीतरी काळ लोक धड असलेल्या घरातही झोपायला धजावले नाहीत. अंगणातला पत्रा बरा वाटायचा. अशा काळात वाड्याच्या तुळईला काय भाव येणार? त्याच वाड्यांच्या ढेलजेच्या दाराची चौकट आता आरशाला लावतात आणि कोनाड्याला कोनाडा न म्हणता 'निश' म्हणतात. कोनाडा तरी खरा कुठं? जिप्समचा.

निसर्गालाही घरात मानाचं स्थान आहे. बाल्कनीत सुगरणीचा खोपा टांगलेला, काचेच्या भांड्यात मांजरा नदीचे गोटे. वाळू आधीच गेली आहे, आता गोटेही मार्गी लागले. कुणाकडे भिंतीवर सांबराचं शिंग असतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं अशी वस्तू नोंदीशिवाय बाळगता येत नाही, हे सांगितलं की मालक घाईघाईनं म्हणतात, "अहो, ते फायबरचं आहे." पणजोबांच्या वस्तूंत खोटी निघाल्याचा आनंद व्हावा अशी ही एकच.

संग्रहाचा नाद वाईट असतो, असं माझं म्हणणं नाही. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जाऊन या. दोन हजार वर्षांपूर्वी हे 'तगर' होतं, इथला माल रोमकडे जाणाऱ्या जहाजांवर चढायचा, 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव आहे. त्या मातीतून निघणारे मणी, नाणी, भाजक्या मातीच्या मूर्ती रामलिंगप्पा लामतुरे नावाच्या गावकऱ्यानं गोळा केल्या. आज त्यांच्या नावानं तिथं सरकारी वस्तुसंग्रहालय उभं आहे. त्यांनी खापराच्या तुकड्यावर मेणबत्ती लावली नाही. तुकडा कुठल्या मातीतला, हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या बंगलेवाल्यांना चाक कुठल्या गावचं, एवढंही सांगता येत नाही; दुकानाचा पत्ता तेवढा पाठ असतो.

राहिली जिन्याखालची पितळी घागरींची उतरंड. तिच्यावर माझा खास राग आहे. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन रेल्वे लातूरला आली, ते अख्ख्या देशानं पाहिलं. त्याआधी पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली होती. त्या उन्हाळ्यात टँकरपुढं रात्र रात्र रांगेत उभ्या राहिल्या त्या प्लास्टिकच्या घागरी. निळ्या, लाल, हिरव्या, कडेला चिरलेल्या, डांबरानं चिकटवलेल्या, नंबर चुकू नये म्हणून दोरीनं एकमेकींना बांधलेल्या. या शहराची अब्रू त्यांनी वाहिली आणि त्यांतली एकही कुणाच्या दिवाणखान्यात नाही. इंटिरिअरवाल्याला सुचवून पाहिलं. तो म्हणाला, थीममध्ये बसत नाही.

पुरावस्तूंचा कायदाही १९७२ चाच. त्याच्या हिशेबानं वस्तूला साधारण शंभर वर्षं झाली की तिला पुरावस्तूचा मान मिळतो. तेव्हा वाचकहो, माळ्यावर २०१६ ची एखादी निळी घागर पडली असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. २११६ साली तुमच्या पणतूला ती पणजोबांची म्हणून दाखवता येईल, आणि ते खरंही असेल.