ओरिजिनल काका

पुण्यातल्या जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सकाळी सात वाजता गाडीत डोकं आणि गाडीबाहेर पाय अशा अवस्थेत जे गृहस्थ दिसतात, ते चोर नसतात. ते ओरिजिनल काका असतात. गाडी बहुधा जुनी झेन, 1997 सालची. पंधरा वर्षं उलटल्यावर पर्यावरण कर भरून आणि दर पाच वर्षांनी आरटीओत नूतनीकरण करून टिकवलेली. तिच्या 993 सीसीच्या इंजिनाची काही तक्रार नाही. काकांचं दुखणं सीटांचं आहे. मूळची निळसर करडी कापडी सीट उन्हानं विटून उपासाच्या भगरीसारखी झाली आहे.

"रेक्झिनची कव्हरं घाला की," असं त्यांना चुकूनही सुचवू नये. अर्धा तास जातो. पुढची काच दोन थरांची असते, मधला पापुद्रा अतिनील किरण बरेचसे अडवतो; दारांच्या काचांना तो नसतो, म्हणून दाराकडची कड आधी गेली, हे सगळं ते सीटवर बोट फिरवत सांगतात. मग मागच्या सीटची पाठ पाडून खाली दडलेली चार बोटं रुंद पट्टी दाखवतात. तिथे ऊन कधी पोचलेलंच नाही. "हा खरा रंग!" इथे आपण 'वा' म्हणायचं असतं.

रंग देऊन बघावा, म्हणून त्यांनी तुळशीबागेतून पुडी आणली. ती सुती कापडाची, सीट पॉलिस्टरची. पॉलिस्टरला रंग वेगळा लागतो आणि तो दाबाखाली, साधारण 130 अंशांना धाग्यात शिरतो, असं भाच्यानं सांगितलं. काकांनी त्यातलं फक्त दाब आणि 130 ऐकलं आणि सीटच्या कापडाचा तुकडा काकूंच्या कुकरमध्ये घातला. कुकर जातो फार तर 121 पर्यंत. "नऊ अंशांनी हुकलं हो," ते अजून म्हणतात. काकूंनी नवा कुकर घेतला.

पुढचा मुक्काम लक्ष्मी रोडचं मॅचिंग सेंटर. अस्तर आणि फॉल घ्यायला आलेल्या बायकांच्या रांगेत काका बगलेत हेडरेस्ट मारून उभे. दुकानदारानं ठाणामागून ठाण उलगडलं. काका प्रत्येक ठाण उजेडात नेऊन परत आणत. "यात निळी झाक कमी आहे." शेवटी रांगेतल्या एका बाईंनी हेडरेस्टकडे बघून निकाल दिला, "काका, सरळ मोरपंखी घ्या. उठून दिसेल."

उठून दिसणं हाच तर काकांचा आक्षेप!

अखेर नाना पेठेतल्या ओळखीच्या कुशनवाल्यानं भंगारातल्या झेनची सीट मिळवून दिली. रंग अगदी तोच. फक्त पट्टे आडवे, यांच्या गाडीत उभे. म्हणजे आता दारांच्या पॅडांचं कापडही आडव्या पट्ट्यांचं हवं. ते मिळेपर्यंत चारही सीटा कुशनवाल्याकडे उघड्या पडल्या आहेत आणि काकू सगळीकडे रिक्षानं जातात.

बॅटरी उतरू नये, म्हणून काका रोज सकाळी रिकाम्या झेनमध्ये प्लॅस्टिकचं स्टूल ठेवून बसतात आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात. उतरताना स्टुलावर टॉवेल टाकतात. उन्हानं रंग जातो ना.