आधीचं अर्धं मिनिट

जुनं अमेरिकन कार्टून सात-आठ मिनिटांचं असतं आणि त्यातलं पहिलं अर्धं मिनिट सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. पडद्यावर वर्तुळात वर्तुळं दिसतात, मधून ‘डब्ल्यूबी’ अक्षरांची ढाल सणकन अंगावर येते, वाद्यवृंद दणक्यात वाजतो, चित्राचं नाव झळकतं, चार माणसांची नावं येतात आणि जातात. मग ससा. प्रेक्षक सशासाठी आलेला असतो. तोवर तो खुर्ची शोधतो, कोट काढतो, पुढच्या बाईंच्या हॅटच्या बाजूने मान काढायची खटपट करतो. तरीही जगात अशी काही शहाणीसुरती माणसं आहेत, ज्यांनी या ससाविरहित अर्ध्या मिनिटापायी उमेदीची वर्षं घातली आहेत. ससा त्यांना पाठ आहे. त्यांना हवी आहेत ती चार नावं, आणि मागची वर्तुळं निळी होती की लाल, एवढं.

मला ही माणसं फार आवडतात. लांबून.

सगळं सुरू झालं वॉर्नर ब्रदर्सच्या काटकसरीतून. १९४३पासून कंपनीने आपली जुनी कार्टून पुन्हा थिएटरांत पाठवायला सुरुवात केली. नव्या कार्टूनसाठी हजारो चित्रं काढावी लागतात; जुनं डब्यात तयार असतं. शिळं म्हणून कोणी नाक मुरडू नये यासाठी या मालिकेला ‘ब्लू रिबन’ असं भारदस्त नाव दिलं. तिकडच्या प्रदर्शनांत पहिल्या नंबराच्या गाईला-घोड्याला निळी फीत लावतात, तशी ती या चित्रांना लागली. परीक्षक आणि पारितोषिकविजेते अर्थात एकच होते. हे करताना मूळ निगेटिव्हच्याच सुरुवातीचा तुकडा कापला आणि नवा जोडला: निळी फीत, चित्राचं नाव, संपलं. माणसांची नावं गेली. कापलेला तुकडा जपून ठेवावा असं कोणाला वाटलं नाही, आणि त्याचं मला तरी नवल वाटत नाही. कार्टून ही मुख्य सिनेमाआधी तोंडी लावायची वस्तू होती, आणि पानातल्या डाव्या बाजूचा इतिहास कोणी लिहून ठेवत नाही.

टेक्स एव्हरीचं ‘अ वाइल्ड हेअर’ घ्या. जुलै १९४०मध्ये आलेल्या या चित्रात बग्ज बनी खऱ्या अर्थाने बग्ज बनी झाला: गाजर चघळत, बंदूकवाल्या शिकाऱ्यासमोर निवांत उभा राहून त्याचीच विचारपूस करणारा. ऑस्करचं नामांकनही मिळालं. १९४४मध्ये निळी फीत लावून ते परत आलं, तेव्हा नावातला ‘अ’ जाऊन तिथे ‘द’ बसला होता. चार वर्षांत तो कोणी एक ससा राहिला नव्हता. आणखीही एक बदल झाला. ससा मागून येऊन शिकारी एल्मरचे डोळे झाकतो आणि ओळख म्हणतो, तेव्हा एल्मर एकेका नटीचं नाव घेतो. १९४०मध्ये त्यात कॅरोल लोम्बार्ड होती. जानेवारी १९४२मध्ये ती विमान अपघातात गेली. पुनःप्रदर्शनाच्या प्रतीत तिच्या जागी बार्बरा स्टॅनविकचं नाव ऐकू येतं. म्हणजे गेलेल्या नटीचा उल्लेख ऐकून प्रेक्षकाला कसंतरी होईल, एवढा नाजूक विचार त्या कचेरीत कोणीतरी केला, आवाज पुन्हा भरून घेतला. आपल्याच पगारी माणसांची नावं उडवताना मात्र हात जराही थबकला नाही.

आता त्या नावांविषयी. मूळ पाटीवर होतं: सुपरव्हिजन फ्रेड एव्हरी (दिग्दर्शकाला तेव्हा तसं म्हणत आणि टेक्सचं कागदोपत्री नाव फ्रेड), कथा रिच होगन, ॲनिमेशन व्हर्जिल रॉस, संगीत कार्ल स्टॉलिंग. सात-आठ मिनिटांचं सगळं ॲनिमेशन एकट्या रॉसने केलं असेल, तर त्याच्या बोटांचं देऊळ बांधायला हवं. तसं अर्थातच नव्हतं. अनेक जण मिळून काम करत, आणि पाटीवर नाव त्यांच्यापैकी एकाचं, पाळीपाळीने. ज्या बॉब गिव्हन्सने या चित्रासाठी बग्जचं रूप ठरवणारं रेखाटन केलं, त्याचं नाव नाही. सशाचा आवाज मेल ब्लँकचा, एल्मरचा आर्थर ब्रायनचा. दोघांचीही नावं नाहीत. पुढे ब्लँकने पगारवाढ मागितली तेव्हा मालक लिऑन श्लेसिंगरने वाढीऐवजी पडद्यावर नाव देऊ केलं, असं ब्लँक सांगत असे. मानधनातलं धन कापून मान तेवढा देण्याची ही रीत आपल्याकडच्या साहित्यिकांना नवी वाटणार नाही.

आपल्याकडे लग्नपत्रिकेत ‘निमंत्रक’मध्ये कोण आणि ‘आपले नम्र’मध्ये कोण, यावरून सख्ख्या भावांचं बोलणं बंद पडतं. शेवटी ‘व समस्त देशपांडे परिवार’ छापून जो तो सुटतो. त्या स्टुडिओने समस्त परिवाराचीही तसदी घेतली नाही. आधी चार नावं छापली, मग पत्रिका दुसऱ्यांदा वाटताना तीही खोडून टाकली.

शोध घेणाऱ्यांचं काम इथून सुरू होतं, आणि त्यांची रीत एखाद्या संशोधन मंडळाला शोभेल अशी आहे. पहिला आधार अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाचा. कॉपीराइट नोंदवताना स्टुडिओ चित्राची माहिती देत, आणि ग्रंथालयाच्या छापील सूचीत बऱ्याचदा सुपरव्हिजन, कथा, ॲनिमेशन, संगीत असं सगळं बारीक अक्षरांत येई. पडद्यावरून पुसलेली नावं सरकारी कागदात सुखरूप राहिली. सरकारी कागदाबद्दल मी आयुष्यात काढलेला हा पहिला चांगला उद्गार. दुसरा आधार संगीताच्या यादीचा. कोणतं गाणं किती सेकंद वाजलं याचा तक्ता गीतकार-संगीतकारांच्या पैशांच्या हिशेबासाठी ठेवावा लागे. त्यावरून सुरुवातीला कोणती धून होती आणि किती वेळ, हे निघतं. स्टॉलिंगची धून शीर्षकावर वेगळी, नावांवर वेगळी असे, त्यामुळे सेकंद मोजून पाट्या किती होत्या याचाही अंदाज बांधता येतो.

ही झाली अक्षरं. चित्र कुठून आणायचं? कात्री निगेटिव्हला लागली होती; त्याआधी निघून बाहेर गेलेल्या प्रतींना नव्हे. त्या कुठे असतील सांगता येत नाही. कोणा प्रोजेक्टरवाल्याच्या माळ्यावर, परदेशी वितरकाकडून परत न आलेल्या डब्यात, घरी दाखवायच्या १६ मिलिमीटरच्या रिळात. अशी एखादी प्रत लिलावात आली की या मंडळींच्यात सणासुदीची लगबग उडते. विकणाऱ्याला आपण काय विकतोय याचा पत्ता नसतो. त्याने डब्याचा फोटो टाकलेला असतो, आणि फिल्मची दोन बोटं लांबीची पट्टी उजेडात धरून काढलेला दुसरा. त्या पट्टीत पाटीचा कोपरा दिसला तरी पुरे. नोकरीधंद्यातला माणूस भिंग घेऊन त्या कोपऱ्यावर रात्र काढतो.

एवढ्यावर भागत नाही, कारण इस्टमन कलरच्या जुन्या प्रती काळाबरोबर लालसर गुलाबी पडतात. निळी वर्तुळंही गुलाबी, लाल वर्तुळंही गुलाबी, ढालही गुलाबी. आणि वर्तुळांचा रंग हा इथे जिवाभावाचा प्रश्न आहे. वॉर्नर त्यांची जाडी आणि रंग अधूनमधून बदलत असे, त्यामुळे जाणकार वर्तुळ पाहून हंगाम सांगतो. मग तर्क चालतो असा: पुनःप्रदर्शनात सुरुवात कापली, पण काही चित्रांचा शेवट मूळचाच राहिला, शेवटी जी वर्तुळं आहेत तीच सुरुवातीला असणार, नसतील तर त्याच महिन्यात आलेल्या दुसऱ्या चित्रात पाहावीत, तिथेही फीत लागली असेल तर तिसऱ्यात. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर भांडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्यात आणि यांच्यात आवेशाचा फरक नाही. यांच्याकडे फक्त ससा जास्त आहे.

सगळे तुकडे हाती आले की पुनर्रचना. आवाज एका प्रतीतून, नावं सूचीतून, रंग शेजारच्या कार्टूनमधून, आणि हाताने काढलेली शीर्षकाची अक्षरं कोणीतरी बसून पुन्हा काढतो. या टप्प्यावर दोन तट पडतात. एक म्हणतो, तंतोतंत जमलं. दुसरा म्हणतो, जमलंय म्हणूनच धोका आहे. वीस वर्षांनी लोक हेच मूळ समजतील, खाली ठळक लिहा की हे नव्याने केलेलं आहे. मी दुसऱ्यांच्या बाजूचा. हौशी माणसाचं कसब इतकं वाढलंय की त्याच्यावर नजर ठेवायला हवी.

खरी प्रत सापडली की मात्र दोन्ही तट एक होतात. ‘अ वाइल्ड हेअर’ची मूळ पाट्या आणि लोम्बार्डचं नाव दोन्ही असलेली प्रत अशीच मिळाली. १९४६च्या ‘बुक रेव्ह्यू’चीही गंमत आहे. रात्री दुकानातली पुस्तकं जिवंत होऊन नाचगाणी करतात, म्हणून शीर्षकात नाचगाण्याच्या कार्यक्रमाचा शब्द श्लेषाने घातला होता. निळी फीत लावणाऱ्याने स्पेलिंग ‘सुधारलं’ आणि त्या धांगडधिंग्याचं पुस्तकपरीक्षण करून टाकलं. डॅफी डकचं गाणं ऐकलेल्या माणसाच्या हातून हे होणं कठीण. त्याने चित्र पाहिलंच नसावं.

आपला या सगळ्याशी संबंध १९९५पासूनचा. त्या वर्षी कार्टून नेटवर्क भारतात आलं. रात्री त्याच चॅनेलवर टीएनटीचे जुने इंग्रजी सिनेमे लागत. वॉर्नरची १९४८पूर्वीची रंगीत कार्टून हस्ते-परहस्ते विकली जात टर्नर कंपनीकडे पोचली होती, आणि त्यांतली कितीतरी निळ्या फितीचीच होती. ठाण्या-नाशकातल्या ज्या मुलाने शाळेतून येऊन दप्तर कोपऱ्यात टाकत ती पाहिली, त्याच्या लेखी निळी फीत हीच खरी सुरुवात. ती धून वाजली की आईची हाक ऐकू येणं बंद व्हायचं. आज चाळिशीला आलेल्या त्या मुलापुढे तुम्ही मूळ पाट्यांची स्वच्छ प्रत ठेवा. तो कौतुक करील, आणि मनातून म्हणेल की काहीतरी चुकतंय. मी त्याला दोष देणार नाही. अन्याय करणारी पाटीसुद्धा लहानपणी पाहिली की आपली होऊन बसते. ती पाटीही आता ऐंशीच्या घरात आली आहे. फितीच्या निरनिराळ्या आवृत्त्या जमवणारेही निघालेच आहेत.

एमजीएमचं दुखणं याहून मोठं. तिथेही टॉम आणि जेरीच्या जुन्या चित्रांना पुनःप्रदर्शनात नव्या सुरुवाती लागल्या, आणि वर २९ मे १९७८ रोजी रोचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउसच्या कोठारात आग लागली. नायट्रेट फिल्म भयंकर ज्वालाग्राही. १९५१पूर्वीच्या एमजीएम कार्टूनांतल्या बऱ्याच मूळ निगेटिव्ह त्यात गेल्या. तिथे आता कोपऱ्यांवर आणि तर्कांवरच काम चालतं.

पण टॉम-जेरीचं अगदी पहिलं चित्र, १९४०चं ‘पुस गेट्स द बूट’, यात बोका टॉम नव्हताच, जॅस्पर होता. आणि चित्र केलं विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी, पण पडद्यावर नाव आलं एकट्या रुडॉल्फ आयझिंगचं. म्हणजे मूळ पाटी मूळची असूनही खरं सांगत नाही. या मंडळींपैकी एकाला मी विचारलं की तुम्ही एवढी मेहनत घेता, तर पुनर्रचनेत हॅना-बार्बेरांची नावं घालून टाकायला काय हरकत आहे? तो माझ्याकडे असा बघत राहिला, की मी सशाला शिंगं काढायला सांगितली असावीत. आयझिंगच हवा, म्हणाला. त्याच जाडीच्या अक्षरांत.