लाइनमनचा माणूस

छत्रपती संभाजीनगरात एखाद्याची प्रतिष्ठा मोजायची असेल, तर बंगला किती मजली, गाडी कोणती, पोरगं पुण्यात की अमेरिकेत, हे विचारत बसू नये. लाइनमन त्याचा फोन उचलतो का, एवढंच विचारावं. आमदाराचा नंबर इथं ज्याच्या-त्याच्याकडे असतो आणि आमदार फोन घेतातही, दर पाच वर्षांनी तर आवर्जून. लाइनमनला काही निवडून यायचं नसतं. गल्लीच्या तोंडाशी ढाप्याखाली जो व्हॉल्व आहे, तो त्याच्या हातानं फिरतो. आणि तो फिरेपर्यंत अख्खी कॉलनी त्याच्या खिशात वाजत राहते. त्यातला एखादाच फोन तो घेतो. तो ज्यांचा असतो, ते आमचे काका.

काका म्हणजे कोणी एक गृहस्थ असं समजू नये. सिडकोच्या प्रत्येक ‘एन’ सेक्टरमध्ये एक, हडकोत एक, गारखेड्यात, उल्कानगरीत, गुलमंडीमागच्या गल्ल्यांत एकेक. कुठं रिटायर्ड मुख्याध्यापक, कुठं एसटीतले माजी कंट्रोलर, कुठं ज्याचं दुकान आता मुलगा बघतो असा किराणावाला. त्यांना या पदावर कोणी बसवलं, ते कोणालाच आठवत नाही. माझा आपला अंदाज असा की, एखाद्या उन्हाळ्यात घामाघूम झालेल्या लाइनमनला त्यांनी ओट्यावर बसवून माठातलं पाणी दिलं असावं. आठ दिवसांपूर्वी भरलेलं, जपून ठेवलेलं, कॉलनीतलं शेवटचं गार पाणी. एवढी गुंतवणूक केल्यावर परतावा मिळणारच.

बाहेरगावच्या वाचकासाठी थोडं सांगतो. आमचं पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येतं, पन्नासेक किलोमीटरवरून. रोज येत नाही. कधी पाचव्या दिवशी, कधी आठव्या, उन्हाळा तापला की दहाव्याही. त्यामुळे इथं वारापेक्षा ‘गॅप’ महत्त्वाचा. आज बुधवार की गुरुवार, यावर नवरा-बायकोचं दुमत होऊ शकतं. आज नळाचा चौथा दिवस की पाचवा, यावर होत नाही. लग्नाचा मुहूर्त भटजी काढतात, पण हळदीचा दिवस काकांना विचारून ठरतो.

काकांचा फोन ऐकण्यासारखा असतो. संध्याकाळी ओट्यावर दहा-बारा माणसं जमलेली असतात. कोणी सहज आल्यासारखं, कोणी वर्तमानपत्र परत करायला. काका स्पीकर लावत नाहीत. विद्या अशी वाटून टाकायची नसते.

“हां, भाऊ... हाव... कामून?... लाइट?... अरे अरे... नाही नाही, तुम्ही आधी जेवून घ्या.”

फोन ठेवून काका चष्मा काढतात. बनियनच्या टोकानं पुसतात. एक काच, मग दुसरी. चष्मा परत चढतो, आणि मग एकच शब्द येतो.

“अडीच.”

अडीच म्हणजे रात्रीचे, हे कोणी विचारत नाही. दिवसाढवळ्या पाणी येणं हा प्रकार आमच्याकडे पाहुण्यांना सांगायच्या गोष्टींत मोडतो. समजा कोणी नवखा भाडेकरू बोलूनच गेला की, “आणि अडीचला नाही आलं तर?” तर काका त्याच्याकडे दयेनं बघतात. “नाही आलं तर तीन.”

काकांचा अंदाज आजवर चुकलेला नाही. अंदाज बरोबरच असतो, पाणी चुकतं. जायकवाडीला लाइट जाते, फारोळ्याच्या शुद्धीकरण केंद्रात पंप बसतो, चितेगावच्या अलीकडे लाइन फुटते, नाहीतर ‘खंडकाळ’ जाहीर होतो. खंडकाळ म्हणजे दुरुस्तीसाठी पुरवठा बंद. इतर गावांत याला शटडाउन म्हणतात आणि वैतागतात. काका हा शब्द सोवळ्यानं उच्चारतात आणि ऐकणाराही निमूट घरी जाऊन बादल्या मोजतो. पैठणहून येणाऱ्या दोन जुन्या लाइनींवर त्यांचा विशेष जीव. सातशे मिलिमीटरची ती थोरली जाऊ, चौदाशेची धाकटी. “थोरलीच्यानं आता होत नाही हो,” असं ते इतक्या कळवळ्यानं म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटावं, हिला आता दवाखान्यातच न्यायला हवं.

त्यांच्या दारामागे एक लोखंडी चावी टांगलेली आहे. व्हॉल्व फिरवायची असते तसली, चांगली कमरेएवढी, वर आडवा दांडा. वाळूजच्या कुठल्याशा वर्कशॉपमधून बनवून घेतली म्हणतात. ती त्यांनी कधी वापरलेली नाही आणि वापरणारही नाहीत, कारण नियम मोडण्यातले ते नाहीत. दसऱ्याला मात्र तिला हळदकुंकू लागतं, झेंडूचं फूल वाहिलं जातं. काकूंनी एकदा माझ्या देखत विचारलं होतं, “हिची पूजा करता, मग माझ्या मिक्सरची कामून नाही?” काका म्हणाले, “मिक्सर शस्त्र नाहीये.” काकूंनी आत जाऊन मिक्सर लावला. पुढचं संभाषण कोणालाच ऐकू आलं नाही.

आता मैत्रीबद्दल. गरजेच्या वेळी उपयोगी पडतो तो मित्र, असं शाळेच्या फळ्यावर लिहिलेलं असायचं. आमच्याकडे ही व्याख्या जरा तपशिलात गेली आहे. पहिल्या दर्जाच्या मित्राला काका रात्री अडीचला पूर्ण रिंग देतात आणि तो उचलेपर्यंत देतात. दुसऱ्या दर्जाच्याला मिसकॉल. तिसऱ्याला मेसेज, तोही ‘पाणी आले’ एवढाच, क्रियापदाचा काळ मुद्दाम तसा ठेवलेला. चौथा दर्जा सकाळी सात वाजता दूध आणताना भेटतो. “काय, भरलं का?” असं काका त्याला हसून विचारतात, आणि त्याला तेव्हा कळतं.

कॉलनीतलं राजकारण याच दर्जांवर चालतं. काकांच्या नातवाला शिकवणीत रागावलेले सर महिनाभर मिसकॉलवर उतरले होते. समोरच्या डॉक्टरांनी काकांना गोड बंद करायला सांगितलं, तेव्हा ते थेट दूधवाल्या वर्गात जाऊन पडले; पुढे दिवाळीत त्यांनी स्वतःच्या हातानं अनारसे आणून दिले आणि भाऊबीजेच्या रात्री त्यांचा फोन खणखणला. पाणी सगळ्यांच्या नळाला तेवढंच येतं. आपल्याला आधी कळलं की नंतर, यावरच माणसं लहानमोठी होतात. हे मला नोकरीच्या ठिकाणीही दिसलं, नातेवाइकांतही दिसलं. पण इतकं स्वच्छ फक्त नळाखाली दिसलं.

काका सगळ्यांच्या आधी स्वतःचा हौद भरून घेतात, असा आरोप होतो. तो खरा आहे. अडीचला मोटार लागते ती त्यांची, आणि हौदात हात घालून पाणी कोपरापर्यंत आलं की मग ते फोन हातात घेतात. मला यात वावगं दिसत नाही. रिकाम्या हौदावर बसून परोपकार करणारा माणूस मी पाहिलेला नाही, आणि भरल्या हौदावर बसूनही न करणारे पुष्कळ पाहिले आहेत. दुसऱ्या गटाचं तर काकांना मनापासून वाईट वाटतं. कोणी लाइनीवर डायरेक्ट मोटार लावली की मात्र काकांचा तोल जातो. मागच्या गल्लीतल्या घरघरीवरून ते सांगतात, “अर्धा एचपीची नाहीये ही. एकची आहे.” अशा माणसाच्या मुलीचं स्थळ आलं तरी ते कोणाला सुचवणार नाहीत.

स्वतःच्या मुलीच्या वेळी त्यांनी पत्रिका नुसती चाळली होती. मुलगा नाशिकचा, तिथं गंगापूर धरण, नळाला रोज पाणी. छत्तीस गुणांची गरज उरली नाही. पण वरची धरणं आणि जायकवाडी यांचं भांडण मराठवाड्यातल्या माणसाच्या रक्तात असतं. समन्यायी पाणीवाटपाचा 2005 सालचा कायदा काकांना कलमासह पाठ आहे. जावई दिवाळसणाला आले तेव्हा आहेर झाला, ओवाळणं झालं आणि जेवताना काकांनी विचारलं, “मग? कधी सोडायलेत तुम्ही पाणी?” जावई फार्मा कंपनीत आहेत. तेही आता शहाणे झाले आहेत. “वरून आदेश आला की सोडतो, पप्पा,” म्हणतात आणि बासुंदीची वाटी पुढे करतात.

ज्या वर्षी पाऊस चांगला होतो, त्या वर्षी काकांची खरी दैना होते. जायकवाडीचा नाथसागर भरतो, धरणाचे सत्तावीस दरवाजे उघडायची वेळ येते, आणि अर्धं शहर डबे बांधून ते बघायला पैठणला जातं. काकाही जातात. सगळे फोटो काढत असतात, लेकरं ओरडत असतात, आणि काका कठड्याशी उभे राहून खाली फेसाळणाऱ्या गोदावरीकडे बघत असतात. “आपलंच आहे हे,” म्हणतात, “आता नांदेडला चाललंय. तिथून तेलंगणात.” 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 1976 साली इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं, हे सांगून झालं की काका गाडीत बसतात. घरी येईपर्यंत रात्र होते. त्या रात्री आमचा सातवा दिवस असतो.

पैठणला ते नाथषष्ठीलाही जातात आणि एकनाथांवर त्यांचा थोडा रुसवा आहे. “काशीहून रामेश्वराला न्यायची कावड,” ते म्हणतात, “नाथांनी वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली. थोर माणूस. पण बघा, गाढवाला तहान लागली त्याच दिवशी मिळालं.” वारकऱ्यांपैकी कोणी हसतं, कोणी कानावर हात ठेवतं. नाथांच्या घरी प्रत्यक्ष देवानं श्रीखंड्या होऊन बारा वर्षं पाणी भरलं, ही कथा मात्र ते डोळे मिटून ऐकतात. त्यातून त्यांनी काढलेलं तात्पर्य कुठल्याही कीर्तनकाराला सुचलेलं नाही. देव एवढा सर्वशक्तिमान, पाहिजे ते होऊ शकत होता. झाला काय, तर पाण्याचा माणूस. दुसऱ्या दिवशी लाइनमनला पैठणच्या प्रसादाची पुडी पोचते.

पाहुण्यांना वेरूळ-अजिंठा दाखवायला काका कंटाळतात, पण पाणचक्की चुकवत नाहीत. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं खडकी, म्हणजे हेच शहर, वसवलं आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून शहरात आणलं. ना पंप, ना वीज, नुसत्या उतारावर. पाणचक्की पुढची, तिथं पाणी उंचावरून हौदात पडायचं, त्यावर दगडी जातं फिरायचं आणि यात्रेकरूंचं, फकिरांचं पीठ निघायचं. पाहुणे तोंडात बोट घालतात. काका मात्र भिंतीच्या मागे जाऊन काहीतरी शोधत असतात. “व्हॉल्व कुठंय याचा?” व्हॉल्व नाही म्हटल्यावर मलिक अंबरबद्दलचा त्यांचा आदर निम्म्यावर येतो. जे पाणी कोणाला न विचारता आपलं आपण येतं, त्यात माणसानं करायचं काय?

या प्रश्नाचं उत्तर त्यांना पुण्यात मिळालं. पुतण्याचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर, नळाला चोवीस तास पाणी. काका-काकू आठ दिवसांसाठी गेले आणि पाचव्या दिवशी परत आले. काकूंनी सांगितलेली हकिगत अशी. पहिल्या रात्री अडीचला काकांना सवयीनं जाग आली. अंधारात चाचपडत ते किचनमध्ये गेले आणि नळ सोडला. पाणी आलं. बंद केला. परत सोडला. परत आलं. मोबाइल काढला, नावांची यादी वर-खाली केली. पुण्यात सांगायचं कोणाला? मग त्यांनी ओट्याखालचे रिकामे डबे शोधून एकेक भरले. सकाळी सूनबाई उठली तर डाळ-तांदळाचे डबे सोडून घरातलं यच्चयावत भांडं काठोकाठ भरलेलं, अगदी फुलदाणीसुद्धा. तिनं काही न बोलता सगळं सिंकमध्ये ओतलं. काका त्या आवाजानं बाहेर आले आणि मुकाट्यानं परत आत गेले. चौथ्या रात्री त्यांनी न राहवून आमच्या कॉलनीतल्या एकाला फोन लावला. “आलं का?” तिकडून उत्तर आलं, “तुम्हीच नाही तर कोण सांगणार?” तिकिटं दुसऱ्याच दिवशीची निघाली.

शहराच्या नव्या पाणीयोजनेचं भूमिपूजन डिसेंबर 2020 मध्ये झालं. तेव्हा तिचा आकडा 1680 कोटी होता, पुढे तो 2740 कोटींवर गेला. पैठण रस्त्याच्या कडेला अडीच मीटर व्यासाचे पाइप येऊन पडले, तेव्हा काका ते बघायला स्कूटरवरून गेले. सहा फुटांचा माणूस आत ताठ उभा राहील एवढा पाइप. काका आत शिरले, चार पावलं चालले, आतून “ओ” अशी हाक मारून बघितली. आवाज घुमला. बाहेर आले ते गप्प. त्यानंतर कोणी उत्साहानं विचारलं की, “काका, आता रोज येणार म्हणे?” तर ते म्हणायचे, “येईल ना. घाई कशाला?” योजना पुढे ढकलली गेल्याच्या बातम्या शहरात सगळ्यांनी शिव्या देत वाचल्या. काका त्या कात्रण करून ठेवत. वर्तमानपत्र परत करायला गेलेल्या एकाला तर त्यांच्या चेहऱ्यावर चक्क तरतरी दिसली म्हणे. मी स्वतः पाहिलेली नाही, पण माझा विश्वास बसतो.

मध्यंतरी आमच्या गल्लीत पुन्हा खोदकाम सुरू झालं. सगळे खिडक्यांतून डोकावले. पाण्याचे पाइप समजून बायकांनी हात जोडले. निघाले पिवळे, हाताएवढे. घरोघरी गॅस येणार होता. खड्ड्याच्या कडेला हेल्मेट घातलेला एक पोरसवदा सुपरवायझर उन्हात उभा होता. दहा मिनिटांत काकांचं फाटक वाजलं. काका एका हातात माठातल्या पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन निघाले होते.

“घ्या, साहेब, गार आहे,” ते म्हणाले. “अन् तुमचा नंबर सांगा बरं.”