जादा गादीचे मानकरी

उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठं जायचं, याचा निर्णय मराठी घरात पूर्ण लोकशाही पद्धतीनं होतो. मुलं काश्मीर म्हणतात, सूनबाई केरळ म्हणतात, आजी कुलदैवत म्हणतात. कुटुंबप्रमुख सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतात आणि तारकर्ली जाहीर करतात.

कारण त्यांच्याजवळ एक्सेलची शीट असते. प्रवास, मुक्काम, जेवण, किरकोळ असे तिच्यात रकाने असतात. पाठीचा रकाना नसतो, झोपेचा तर नसतोच. आराम कुठल्याच रकान्यात बसत नाही, त्यामुळे काटछाट करायची वेळ आली की पहिली कात्री त्यालाच लागते, आणि बेरीज तरीही बरोबर येते.

आता तिकिटाचंच घ्या. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी सकाळी आठला उघडतं. कुटुंबप्रमुख साडेसातपासून मोबाइल हातात धरून बसलेले. कोकणकन्या, सहा माणसं. थर्ड एसी की स्लीपर? जाऊन-येऊन सहा जणांचा फरक ते बोटांवर मोजतात आणि त्या रकमेत किती सुरमई येईल ते मोठ्यानं सांगतात.

"अहो, मे महिना आहे. आईंना उकडेल."

"अगं, रात्रीचाच तर प्रवास! झोपेत काय कळतंय?"

शिवाय स्लीपरला उघडी खिडकी असते. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा तिथं नुसता पार होत नाही, कानठळ्या बसेपर्यंत ऐकायला मिळतो. एसीवाल्यांना हे सुख कुठलं?

पण हिशेबाची खरी कमाल पुढंच आहे. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च 2020 पासून बंद आहे, त्यावर कुटुंबप्रमुख सरकारला रोज बोल लावतात. खालच्या बर्थचा कोटा मात्र आजही आहे, आणि बर्थ शिल्लक असला तर तो मिळतो. अट एवढीच, की तिकिटावर ज्येष्ठ प्रवासी एकटे किंवा दोघेच हवेत. मुलं-नातवंडांच्या घोळक्यातल्या तिकिटाला तो कोटा लागत नाही. आता आजींचं तिकीट वेगळं काढायचं, तर ऑनलाइनचं सुविधा शुल्क दुसऱ्यांदा पडणार. यूपीआयनं पैसे भरले तर स्लीपरच्या तिकिटामागे 10 रुपये, वर जीएसटी. म्हणून सहाही नावं एकाच तिकिटावर चढतात आणि गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या आजी वरच्या बर्थवर चढतात. खालून दोघं ढकलतात, वरून नातू ओढतो. कुटुंबप्रमुख बाजूला उभं राहून "पाय इथं, आई, इथं" असं मार्गदर्शन करतात. ते मात्र फुकट असतं.

कुडाळला उतरलं की तारकर्ली तीसपस्तीस किलोमीटर. दोन गाड्या कशाला, एकीत बसू की! मागे पाच जण आणि त्यांच्या मांडीवर बॅगा, पुढे ड्रायव्हरशेजारी कुटुंबप्रमुख. "मला रस्ता बघायला लागतो," असं ते म्हणतात. रस्ता ड्रायव्हरचा रोजचा असतो, ही गोष्ट वेगळी.

होमस्टेमध्ये एक 'फॅमिली रूम'. खोलीचं भाडं 7500 च्या वर गेलं की जीएसटी 18 टक्के लागतो, हे ते खोलीत शिरता शिरता सगळ्यांना ऐकवतात. या खोलीचा त्या आकड्याशी दूरचाही संबंध नसतो. पलंगावर कोण, हा प्रश्न निघत नाही. त्यांची कंबर नाजूक आहे. सूनबाई आणि मुलं जादा गाद्यांवर. जादा गादी कधी पाहिलीय? सकाळी ती भिंतीला गुंडाळून उभी करतात, तेव्हा तिच्यापेक्षा तिच्यावर झोपलेलं माणूस जास्त गुंडाळलेलं दिसतं. त्यातून एसीचे पैसे वेगळे, म्हणून पंखा. पंखा पलंगाच्या बरोबर वर.

नाश्ताही वेगळा. त्याचा बंदोबस्त सूनबाईंनी निघायच्या आदल्या रात्री जागून केलेला असतो: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं. परतीला दिवसाची मांडवी. तिची पॅन्ट्री खाण्यासाठी नावाजलेली. गरम वडे डब्यातून जात असतात आणि सहा जण माना खाली घालून दशम्यांचा शेवटचा थर संपवत असतात.

घरी आल्यावर शीट पुन्हा उघडते. "बजेटच्या आत!" कुटुंबप्रमुख खूश. खूश असायलाच हवेत, त्यांनी पैसे वाचवले आणि त्यांचा आरामही शाबूत राहिला. खर्च कुठंतरी झालाच, तो दुसऱ्यांच्या अंगावर झाला, आणि अंगावरचा खर्च एक्सेलमध्ये दिसत नाही. सूनबाई दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मानेला बाम लावतात. आजी म्हणतात, "छान झाली हो सहल," कारण त्यांच्या पिढीला एवढंच वाक्य शिकवलेलं आहे.

पुढच्या वर्षीचा बेतही ठरला आहे: पावसाळ्यात जायचं, तेव्हा खोल्यांचे दर उतरतात. पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद असते आणि स्कूबाही बंद असतं, हे कुणीतरी सांगितलं. कुटुंबप्रमुखांचा चेहरा आणखी उजळला. म्हणजे होडीचेही पैसे वाचले!

काटकसरीला माझा विरोध नाही. ज्यांच्या खिशातून पैसे जातात त्यांनी जपून खर्च करावा, हे रास्तच आहे. फक्त यंदा आरक्षण उघडेल तेव्हा आजींचं तिकीट वेगळं काढा, आणि सहाजणांत एक जादा गादी लागणारच असेल, तर तिच्यासमोर स्वतःचं नाव लिहा.